बुधवारचं पाणी

मी फाटक लाथेनेच उघडलं. कडी दिसली होती, पण कड्या काढत बसायच्या मूडमध्ये मी नव्हते.

"माझं पाणी कोण चोरतंय?"

अंगणात जर्दाळूच्या झाडाखाली एक पोरगा पोटावर झोपून गोगलगाय बघत होता. म्हणजे... पोरगा कसला, चांगला बाविशीचा. शेजारी दोन लहान मुली, त्याही पोटावर. त्याने मान वर केली. भुवईला माती. डोळे इतके शांत, की मी आणखीच भडकले.

"हळू," तो म्हणाला. "घाबरली की आत जाते ती."

"जाऊ दे आत! तुमच्या शाळेचा मुअल्लिम कुठेय?"

"मीच. दालेर."

शाळा नावाच्या ठिकाणी मी चार वर्षांनी पाय ठेवत होते. प्रश्न विचारला की 'खाली बस', परत विचारला की 'बाहेर हो'... नववीत एकदा बाहेर झाले ती झालेच. तेव्हापासून आईचं एकच टुमणं – मॉस्कोला मावशीकडे जा, हॉटेलात भांडी घास. शेवटी भांडून भांडून मी तिच्याकडून यंदापुरता नदीकडचा पडीक तुकडा घेतला. खरबुजं लावली. वेल जगले तर मी इथे, मेले तर सप्टेंबरच्या विमानात. आणि दोन पाळ्या झाल्या, माझ्या वाफ्यांत पाणी निम्मंच येत होतं! पाटाच्या कडेने वर वर चालत आले, तर शाळेच्या कुंपणाशी ताजा चर. बाजूला ही इवली इवली पावलं.

"चर मुलांनी खणलाय," दालेर कपडे झटकत उठला. "तक्रार त्यांच्याकडेच करावी लागेल."

"मग तू काय शोभेला आहेस?"

"बरंचसं." आणि हसला! निर्लज्ज.

चटईवर वीसेक मुलं गोल करून बसली. सहा वर्षांपासून अकरापर्यंतची, सगळी एकत्र. अनीसा नावाची दोन वेण्यांची मुलगी त्या दिवशीची प्रमुख.

"बसा, आपा. चमचा ज्याच्या हातात, तोच बोलणार." तिने मला भला मोठा लाकडी चमचा दिला.

मी बोलले. सगळं. मॉस्कोसकट. कोणी हसलं नाही, कोणी मधे तोंड घातलं नाही. एकाने तर लिहून घेतलं.

बोलता बोलता माझं लक्ष भिंतीकडे. तिथे धडे नव्हते, मुलांचेच प्रश्न होते. 'एका रोपाला किती बादल्या?' खाली आकडे, खाडाखोड, गाढवाचं चित्र. शोदी नावाच्या सात वर्षांच्या मुलाला त्याचं उत्तर हवं होतं, म्हणून तो भागाकार शिकला होता – तोही अनीसाकडून.

आता चमचा शोदीकडे होता. कान लालबुंद. "आम्ही चोर नाही! पाणी वाटणाऱ्या मीराबने लावलेल्या पाळ्यांच्या यादीत मंगळवार रिकामा आहे. आम्ही मंगळवारी चार वाजता घरी जाताना चराचं दार उघडतो, बुधवारी सकाळी बंद करतो. तुमची पाळी बुधवारी आहे!"

अनीसाने माझ्याकडे रोखून बघितलं. "आपा, तुमचा बुधवार कधी सुरू होतो?"

"कधी म्हणजे? मंगळवारचा सूर्य बुडला की. पाण्याचा दिवस तसाच मोजतात, अख्खं गाव—"

शोदीने बोटांवर तास मोजले. "म्हणजे... रात्रभर तुमचं पाणी..."

मी दालेरकडे बघितलं. त्याला धक्का बसलाच नव्हता. माझ्या नजरेतून असलं काही सुटत नाही.

"तुला माहीत होतं!"

"चूक कळली होती. त्यांची त्यांना सापडेल म्हणून थांबलो. खालचा तुकडा पडीक आहे असं वाटलं, पाणी नदीलाच जात असेल..."

"माझे वेल वाळत होते, आणि तू थांबला होतास?"

त्याने चमचा मागून घेतला आणि मुलांना म्हणाला, "तुमची चूक तुम्हाला शोधू द्यायची, हे ठीक. पण तिचा भुर्दंड दुसऱ्याला बसतोय का, हे मी खाली जाऊन बघायला हवं होतं. नाही बघितलं. चूक माझी."

मास्तर लोक असं बोलतात? माझा राग तिथेच थोडा... अडखळला.

मुलं पाऊण तास भांडली. मग ठरलं – मंगळवारी सूर्य बुडायच्या तासभर आधी शोदी दार बंद करणार. पुढच्या पाळीपर्यंत शाळेच्या हौदातलं पाणी माझ्या वेलांना. "आणि दालेर-अकाने दुप्पट बादल्या वाहायच्या," अनीसा म्हणाली. सगळे हात वर. त्याचाही.

पाच दिवस तो आला.

"मुळाशी ओत, पानांवर नको! शिकवतोस तरी कसा तू?"

"शिकवत नाही, म्हणून तर नोकरी टिकलीय."

"चिडवतोयस मला?"

"थोडंसं. चिडलीस की तुझी डावी भुवई वर जाते. मला ती... बघायला आवडते."

मी बादली खाली ठेवली. उजवीही वर गेली असणार.

मंगळवारी सूर्य डोंगराआड गेला आणि पाणी आलं – भरून, गढूळ, खळखळत. मी फावड्याने वाफे फोडत होते, तो गुडघाभर चिखलात.

"मुलं विचारतायत," तो म्हणाला, "शाळेत येशील का? त्यांना खरबुजं लावायचीयत."

"मुलं विचारतायत. आणि तू?"

"मी..." त्याने चिखलातून एक पाय उपसला. मग सरळ माझ्याकडे बघत म्हणाला, "तू मॉस्कोला जाऊ नकोस, मुनीसा. वेल जगोत नाहीतर मरोत."

पाण्याचा आवाज एवढा होता, तरी मला माझंच काळीज ऐकू येत होतं.

"मेले तर आई तिकीट काढेल."

"मग मी तुझ्या आईशी बोलेन."

"तू? ती तुला दोन मिनिटांत—"

बांधावरून आईच येत होती, काखेत नान, हातात चहाची किटली. "मुनीसा, हा कोण?"

मी फावडं रोवलं. त्याचा चिखलाचा हात धरला. आईसमोर. "आई, मावशीला फोन करून सांग. मी येत नाहीये."

"वेलांना अजून फळ नाही धरलेलं..."

"वेलांचं वेगळं. मीच येत नाहीये."

आईने आमच्या हातांकडे बघितलं. मग त्याच्याकडे, बराच वेळ. माझा हात त्याने सोडला नाही, आणि मी तर सोडणारच नव्हते.

आईने नान मोडून अर्धा त्याच्यापुढे धरला.

"आधी खा," ती म्हणाली. "माझ्याशी बोलायचं तर अंगात बळ लागतं."