शिंगाला आलेलं उत्तर

दिवा असू द्या तसाच. सांगतो.

आमच्या कार्पाथियनच्या डोंगरांत हरणांचा माजाचा हंगाम आला, की आम्हा वनरक्षकांची झोप जाते. शिकारी पाहुणे यायच्या आधी कुठला नर कुठल्या दरीत ठाण मांडून आहे, ते हेरून ठेवावं लागतं. बैलाचं शिंग फुंकून नरासारखं डुरकलं, की तो वैरी आला समजून उत्तर देतो.

त्या पहाटे मी आणि माझ्या सावेताताईचा नवरा गाव्रिला, दोघं डोंगराच्या धारेवर बसलो होतो. पाय भरून आलेले. खाली दरीत धुकं, आणि माजावरच्या नराचा उग्र दर्प.

"फुंक, इलारिए," दाजी म्हणाले. "का दारूनं छातीतला दम गेलाय?"

मी फुंकलं. खालून उत्तर आलं. पण ते माझंच होतं... तसंच मध्येच दम तुटलेलं, शेवटी घरघरणारं. पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच.

"कुणीतरी चोरटा शिकारी थट्टा करतोय," दाजी उठले. "थांब, कान धरून आणतो."

ते धुक्यात उतरले. मी बसून राहिलो. उठायचं त्राणच नव्हतं. आणि खालून माझा आवाज आला.

"दाजी... इकडे या..."

माझं तोंड मिटलेलं होतं.

"आलो रे!" दाजींनी ओ दिली.

"दाजी, तो मी नाही!" मी ओरडलो.

"तो मी नाही..." खालून आलं.

मी घसरत, ठेचकाळत धावलो. हरणं लोळतात त्या चिखलाच्या डबक्यात दाजी कमरेपर्यंत उभे होते. दंडाला धरून ओढून काढलं. काठावर त्यांच्या पावलांखेरीज एकही ठसा नव्हता.

परत चढताना दाजी पुढे चालले होते. मग थांबले.

"तुझ्या आईचं नाव सांग."

"पारास्किवा. का हो?"

"काही नाही... खात्री केली."

थोडं पुढे गेल्यावर माझ्याही मनात पाल चुकचुकली.

"आणि दाजी, तुमच्या आईचं?"

ते दरीकडे बघत राहिले. ऊन वर आलं होतं. गालावरचा चिखल वाळत होता.

"तूच सांग ना..." ते हळूच म्हणाले.

मी फार थकलो होतो. घरी ताई वाट बघत होती. मी सांगून टाकलं.

तेव्हापासून ते नाव त्यांना पाठ आहे. कुणी विचारलं नाही, तरी अधूनमधून म्हणून दाखवतात.