दुहेरी काच

विमानतळाची नवी धावपट्टी सुरू झाली आणि ताईच्या घरावरून सारखी विमानं उतरायला लागली. कपाटातली भांडी थरथरायची. बोलणारा माणूस वाक्याच्या मध्येच थांबायचा आणि विमान गेलं की तिथूनच पुढे सुरू करायचा. गल्लीतल्या लोकांचे कान किटले होते. अर्ज झाले, मोर्चे झाले, तेव्हा कुठे विमानतळानं घरांना आवाजरोधक खिडक्या बसवून द्यायचं कबूल केलं. ते काम आमच्या कंपनीकडे आलं. मी आवाजाचा इंजिनिअर. पहिलं घर ताईचं घेतलं. वशिला म्हणा हवं तर.

सकाळी मी आईच्या खोलीत चौकटीची मापं घेत होतो. कमरेचं हाड मोडल्यापासून आई ताईकडेच असते, पलंगावर.

"थोडे दिवस तुझ्याकडे येऊ का रे?" ती म्हणाली. "ताईलाही जरा उसंत मिळेल."

तेवढ्यात विमान आलं. ते जाईपर्यंत मी हातात टेप धरून नुसता उभा राहिलो. मग म्हणालो, "बघू ना. हे काम तर संपू दे."

"बरं," आई म्हणाली.

दुपारपर्यंत खिडकी बसली. दोन जाड काचा, मध्ये पोकळी, कडेनं रबराची पट्टी. कामगार जेवायला गेले. मी खिडकी लावली, दांडा फिरवला आणि आवाज मोजायचं मीटर टेबलावर ठेवलं. ताई येऊन बसली. भावोजी आईला चमच्यानं सूप भरवत होते.

"आता तुझी बडबड पूर्ण ऐकावी लागणार," ते ताईला म्हणाले. "आजवर विमानांनीच वाचवलं मला."

ताई हसली. आईसुद्धा.

विमानाची सावली पडद्यावरून सरकली. आवाज जवळजवळ नाहीच. मीटरवरचा आकडा जेमतेम हलला. माझी छाती फुगली.

आणि त्या शांततेत भावोजींचा आवाज आला. "किती दिवस करायचं अजून हिचं?"

भावोजींचे ओठ मिटलेले होते. चमचा हवेत तसाच. आवाज आला तो खोलीच्या मधूनच, पलंगाच्या जरा वरून. मीटरवरचा आकडा होता तिथेच होता.

"मी... मी बोललो नाही," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

मी रबराच्या पट्टीवरून बोट फिरवलं. भिंतीला कान लावला. शेजारी टीव्ही चालू नव्हता. "पोकळीत कधी कधी आवाज घुमतो," मी म्हणालो. कुणी न बोललेलं कसं घुमेल, ते मात्र मलाही सांगता आलं नसतं.

पुन्हा सावली आली. या वेळी ताई. दमलेला, मायेचाच आवाज.

"झोपेतच गेली तर सुटेल बिचारी. मीही सुटेन."

ताईनं ओंजळीत तोंड लपवलं. "आई, मी असं कधी म्हणाले नाही गं. तुझी शपथ, कधीच नाही."

ती खरंच कधी म्हणाली नसणार, हे मला माहीत होतं. म्हणूनच मला पुढचं विमान नको होतं. मी खिडकीचा दांडा धरला. नवं रबर घट्ट बसलं होतं. दांडा हलेना.

सावली.

"नको रे बाबा. माझ्या घरात हा वास नको."

माझा आवाज. सकाळचा. हातात टेप होती तेव्हाचा.

कुणीच माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

आईनं रुमालानं ओठ टिपले.

"आज तुम्हालाही ऐकू आलं का?" ती म्हणाली. रागावली नव्हती. "मला रोजच येतं. विमान आलं की."

ताई रडत उठली. आम्ही दोघांनी मिळून दांडा ओढला आणि खिडकी सताड उघडली. गरम हवा आत आली, जळक्या इंधनाचा वास आला. मग विमान आलं. सगळी खोली हादरली. त्या गडगडाटात मला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याचीही लाज वाटली.

मी मान वर केली. आई माझ्याकडेच बघत होती.

तिचे ओठ हलत होते. सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारावा तसे. विमान पार लांब जाईपर्यंत हलत राहिले, मग मिटले.

खिडकी लावायला कुणीच उठलं नाही.