यशोदाबाईंची बाटली

नाशिकच्या त्या सरकारी कचेरीत चंद्रभागा टंकलेखिका म्हणून रुजू झाली ते साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. पहिल्याच सकाळी अभिलेख-कक्षाच्या दारात तिथल्या कारकुनाशी, सावळीरामाशी तिची धडक झाली, आणि त्याच्या हातातील फायली जिनाभर विखुरल्या.

"बोटं थरथरतायत तुमची," कागद वेचताना तो म्हणाला.

"साहेब आल्या आल्या घड्याळ घेऊन समोर बसले हो! महिनाअखेर मिनिटाला तीस शब्दांचा वेग नाही भरला, तर नोकरी गेली..."

"तुमच्या खणात शक्तीच्या गोळ्या आहेत. रोज एक घ्या."

खणात तपकिरी बाटली होती; आत दहा पिवळ्या गोळ्या. चंद्रभागा नेमाने घेऊ लागली. पुढच्या सोमवारी तिने सहज मोजल्या— दहा. त्यापुढच्या सोमवारी— दहा. द्रौपदीची थाळी तरी तिच्या जेवणानंतर रिती होत असे. ही बाटली रितीच होईना! तिसऱ्या सोमवारीही दहाच निघाल्या, तेव्हा तिने बाटलीवरची चिठ्ठी उजेडात धरली. पुसट अक्षरे होती: 'यशोदाबाई'.

"तुमच्या आधीच्या बाई," शिपाई सहादू कुजबुजला. "कामाच्या काळजीनं खंगल्या. याच खुर्चीत गेल्या. बाटली उघडलीपण नव्हती."

चंद्रभागा तडक सावळीरामापुढे उभी राहिली. "मेलेल्या बाईचं औषध दिलंत मला?"

"गोळ्या ताज्या आहेत. जुन्या पहिल्याच दिवशी फेकल्या; दर शनिवारी कचेरी सुटल्यावर मीच भरतो." त्याची मान खाली गेली. "यशोदाबाई माझी आई. 'उद्यापासून घेते' म्हणायची... तुमची बोटं पाहिली, अन्—"

"अन् आई आठवली?"

"ती पहिल्या दिवशी. नंतर... तुम्हीच."

तिचा राग कोठल्या कोठे विरला. मग एकाएकी ती थबकली.

"पण तुम्ही तर गुरुवारपासून पेठला होतात ना? मावशीकडे?"

"हो. आजच आलो."

"मग आजही दहा कशा?"

दोघांनी वळून पाहिले. चंद्रभागेच्या टेबलाशी कोणी नव्हते. पंखा बंद होता. तरीही टंकयंत्रातील कोरा कागद संथपणे हलत होता... जणू कोणी नुकतेच उठून गेले असावे.

"आईच..." सावळीराम पुटपुटला.

चंद्रभागेने नकळत डोक्यावर पदर घेतला.

दुसऱ्या दिवशी वेगाच्या परीक्षेत बोटे थरथरली नाहीत. वेग भरला बत्तीस.

"कोणी करून घेतली हो एवढी तयारी?" साहेबांनी विचारले.

"सासूबाईंनी," चंद्रभागा शांतपणे म्हणाली.

आणि अभिलेख-कक्षाच्या दारात कोणाच्या तरी हातून फायली पुन्हा जिनाभर विखुरल्या.