जिन्यावरच्या दाराची क्लिप

विश्वास ठेवा म्हणून कोणी तुमच्या हातापाया पडणार नाही. जिच्या बाबतीत हे घडलं ती बाई देव मानत नाही, भूत मानत नाही आणि माणसांना तर मुळीच मानत नाही.

तरी हे खरं आहे असं ती आजही छातीठोकपणे सांगते.

वार बुधवार. वेळ सकाळी सव्वाअकराची. लख्ख दिवस.

जागा, लाँड्रीच्या वरची एडिटिंगची खोली. खिडकी नाही. भिंतींना काळा फोम. आत बसलं की बाहेरचं जग मेलं तरी कळत नाही.

धंद्यात तिला सगळे 'कात्री' म्हणतात. घरगुती समारंभांचे व्हिडिओ कापून-जोडून देणं हे तिचं काम. जीभही तशीच, दोन्ही बाजूंनी चालणारी.

त्या दिवशी तिच्यासमोर एका बिल्डरचा पन्नासावा वाढदिवस होता. माणूस कमी, होर्डिंग जास्त. हार्ड डिस्क दोन महिने उशिरा पाठवली होती आणि वर फोनवर सूचना.

"मॅडम, घरी जरा अडचण होती म्हणून राहिलं. पण फिल्ममध्ये मी ठसठशीत दिसलो पाहिजे हां!"

"तुम्ही न दिसण्याची सोय कुठे आहे साहेब," कात्री म्हणाली. त्याला ती तारीफ वाटली.

तीन कॅमेरे, चारशे बारा क्लिपा. एकीलाही धड नाव नाही, नुसते आकडे. कॅमेरामनच्या सात पिढ्यांचा उद्धार करत कात्रीने फोल्डर केले. भाषणं. केक. नाच. पाहुणे. आणि शेवटचा, फालतू.

भराभर वाटणी सुरू झाली. पोट आत ओढून नाचणारे मेहुणे... नाच. साहेबांच्या पाया पडणारा इंजिनिअर... पाहुणे. कॅमेरा दिसताच रडायला लागलेली वहिनी... फालतू.

मग एक क्लिप आली.

जिना. वर एक बंद दार. बाहेरून कडी.

अकरा सेकंद. आवाज नाही. माणूस नाही.

"वा! काय कलाकार आहे!" म्हणत तिने ती फालतूमध्ये ढकलली.

पाच मिनिटांनी ती पाहुण्यांच्या फोल्डरमध्ये होती.

हात चुकला असेल. तिने परत ढकलली.

परत वर आली...

आता ती एकोणीस सेकंदांची होती.

कात्रीने कॅमेरामनला फोन लावला. "काय रे, दारं-खिडक्या कशाला शूट करून ठेवल्यास?"

"कुठली दारं, ताई?"

"जिन्यावरचं. बाहेरून कडी लावलेलं."



"आम्ही वर गेलोच नाही, ताई. जिन्याला दोरी बांधली होती. साहेबांची आई आजारी आहे, वर झोपलीय, म्हणाले."

कात्रीने फोन ठेवला. हेडफोन लावले. आवाज पूर्ण वाढवला.

काही नाही.

मग... टक. टक. टक.

आतून.

आणि खूप थकलेला, बाईमाणसाचा आवाज. "बाळा... कडी काढ."

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण हात कामाला सरावलेले. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचं शूटिंग एकाच वेळचं असेल, तर सॉफ्टवेअर आवाज जुळवून ते एकाखाली एक लावतं. तिने बटण दाबलं.

दाराची क्लिप सरकली... आणि थेट साहेबांच्या भाषणाखाली जाऊन बसली.

भाषण सात मिनिटांचं होतं. आता क्लिपही सात मिनिटांची.

वर साहेब बोलत होते. "आज मी जो आहे तो माझ्या आईमुळे! तिला आम्ही फुलासारखं जपतो."

टाळ्या.

खाली, "बाळा... पाणी तरी..."

एक वाजता साहेब ठरल्याप्रमाणे आले. अत्तराचा घमघमाट आधी, मागून ते. कात्रीने दाराची क्लिप उघडली. स्पीकरवर लावून दिलं.

साहेबांचा चेहरा पिठासारखा झाला.

"हे... हे कोणी शूट केलं?"

"आई कशा आहेत, साहेब?"

"गेली. त्याच रात्री. झोपेतच गेली."

"आणि कडी?"

"अहो, मोठमोठे लोक आले होते! तिला भान नसायचं. कशीही खाली यायची, काहीबाही बोलायची. दोन तासांचा तर प्रश्न होता." त्याने घाम पुसला. "संपल्यावर उघडायचं राहून गेलं. घाईत होतं असं."

राहून गेलं. छत्री राहावी तसं.

कात्रीला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

"तो तुकडा काढून टाका. आत्ता. माझ्यासमोर."

आणि इथे, ती स्वतःच सांगते, तिने नको ते केलं. त्या माणसाची किळस येत होती, पण त्याहून जास्त ती क्लिप नकोशी झाली होती. तिने डिलीट दाबलं. वाद नाही, प्रश्न नाही.

साहेब वळून न बघता निघून गेले.

स्क्रीनवर काहीच चालू नव्हतं. हेडफोन तिच्या गळ्यात लोंबत होते.

त्यातून अगदी हळू आवाज आला...

"कडी काढ म्हटलं होतं गं. मला काढून टाक, असं नाही."

त्या दिवशी कात्री मशीन बंद न करताच घरी गेली.

तीन आठवड्यांनी साहेबांच्या बायकोचा फोन आला. रडून आवाज बसलेला.

"तुम्ही ह्यांना त्या दिवशी काय दाखवलंत हो?"

"का? काय झालं?"

"परवा रात्री हे सासूबाईंच्या खोलीत गेले. सकाळी बघते तर दार उघडेना. बाहेरून कडी नव्हती. आतून तर त्या खोलीला कडीच नाही. शेवटी सुताराकडून दार फोडून घेतलं."

"आणि साहेब?"

"आत पलंगावर बसले होते. जिवंत आहेत. पण बोलत नाहीत. दोन्ही हातांची सालटी निघालीत... रात्रभर दार ठोकत होते, असं डॉक्टर म्हणाले."

"मग तुम्ही उघडलं का नाही?"



"मी शेजारच्याच खोलीत होते. जागी होते. एक ठोका ऐकू आला नाही हो..."

बरं झालं, भोग आता! हे शब्द कात्रीच्या अगदी ओठांवर आले होते. तिने ते गिळले.

साहेबांविषयी कोणी विचारलं तर ती अजूनही तोंड वाकडं करते. म्हणते, असल्या माणसाला हीच शिक्षा.

पण आजकाल ती कुठल्याही खोलीत एकटी असली, की दाराच्या फटीत चप्पल अडकवून ठेवते.

कोणी हसलं तर चिडत नाही.

"त्याने कडी लावली," एवढंच म्हणते, "पण डिलीट मी दाबलंय. माझा नंबर अजून लागलेला नाही."