उलटं लावलेलं सुख

शाल्मलीला वाकडं काही बघवत नाही. फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांच्या पाठी सरळ करते आणि घरी आल्यावर भिंतीवरच्या तसबिरी. त्यामुळे फेब्रुवारीतल्या त्या ओल्या सकाळी, एडिनबरातल्या तिच्या दगडी जिन्यात, समोरच्या दारावर लाल कागद उलटा चिकटवलेला दिसला तेव्हा तिचा हात आपोआप पुढे गेला. चिनी अक्षर तिला वाचता येत नव्हतं. पण खालचे दोन मासे पोट वर करून पोहत होते. एवढं कळायला चिनी यावं लागत नाही.

तिने कागद सोडवला, सरळ लावला, आणि... दार उघडलं.

"चोरी?" दारात एक तरुण. हाताला पीठ, कपाळाला पीठ, आणि डोळ्यांत हसू दाबून धरलेलं.

"चोरी कसली! उपकार करतेय. उलटा लागला होता."

"उलटाच लावतात. ते अक्षर म्हणजे सुख. आणि आमच्या भाषेत 'उलटं' आणि 'आलं' सारखंच ऐकू येतं. सुख उलटं लावलं, की सुख आलं." तो चौकटीला टेकला. "आलं होतं. तू आत्ताच परत पाठवलंस."

शाल्मलीचे कान तापले. "थांब, करते परत—"

"नको. घाबरून केलेलं चालत नाही. ज्या दिवशी मनापासून वाटेल ना, त्या दिवशी तूच उलटं कर."

"आणि तोवर?"

"तोवर माझं सुख जिन्यात अडकलेलं. आज आमचं नवीन वर्ष. संध्याकाळी डम्पलिंग खायला ये. भरपाई म्हणून."

त्याचं नाव जुन. मँचेस्टरला वाढलेला, इथे शाळेत गणित शिकवणारा.

"आमच्या भाषेत जुनं म्हणजे ओल्ड," ती हसत म्हणाली. "नवीन वर्षाला जुन!"

"बरंय की. जुनं टिकतं."

संध्याकाळी त्याच्या स्वयंपाकघरात पीठ सांडलं आणि तिने झाडू उचलला, तेव्हा त्याने पटकन तिचं मनगट धरलं. "आज झाडायचं नाही. नशीब बाहेर जातं."

"आमच्याकडे दिवेलागणीला झाडत नाहीत. लक्ष्मी जाते."

"मग राहू दे," तो म्हणाला. मनगट सोडायचं मात्र त्याला सुचलं नाही... आणि तिनेही आठवण करून दिली नाही.

कामावर तिला एक जण 'हॅपी चायनीज न्यू इयर' म्हणाला. माझं नवीन वर्ष पुढच्या अमावस्येनंतर, तिने सांगितलं. "ओह, सेम थिंग!" सेम थिंग काय, डोंबल! ब्राऊन असो की चिनी, लाल कंदील टांगला की यांच्या लेखी सगळे एकाच पंगतीत. पण आपली माणसं तरी कुठे धुतल्या तांदळाची? गोरा जावई मिरवायला चालतो. चिनी म्हटला, की तेच लोक नाक मुरडून विचारतात: ते काय काय खातात गं?

हे शाल्मलीला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच पाडव्याला लंडनजवळच्या पिनरहून आई आली, तोवर तिने जुनबद्दल घरी काहीच सांगितलं नव्हतं. आईच्या बॅगेत जरीची साडी, तांब्या, साखरेची गाठी, आणि फोनमध्ये एका डॉक्टर मुलाचा फोटो.

सकाळी जुन गुढीसाठी बांबू घेऊन आला. आदल्या रात्री त्याने तो स्वतः घासून पुसून ठेवला होता.

"हा कोण गं?" आईने विचारलं.

शाल्मलीने जुनकडे पाहिलं. मग आईकडे. मग बांबूकडे.

"हा? ...शेजारी."

हा शब्द तिनेच त्याला शिकवला होता. पहिल्याच आठवड्यात, हसत हसत. आता तो हसला नाही. "हो, काकू. शेजारी," म्हणाला, आणि बांबू खिडकीला बांधायला लागला.

गुढी उभी राहिली. साडी फडफडली, गाठी झुलली... आणि एडिनबराच्या वाऱ्याने तांब्या उचलून सरळ रस्त्यात फेकला.

"अगं बाई!" आई किंचाळली.

जुन मोजे घातलेल्या पायांनीच जिना उतरून धावला. परत आला तेव्हा मोजे चिंब, आणि हातातल्या तांब्याला पोचा आलेला. काही न विचारता त्याने बांबूच्या टोकावर तांब्या पालथा घातला आणि सुतळीने घट्ट आवळला.

आई बघत राहिली. "इथे जो येतो तो विचारतो, भांडं उलटं का? तू नाही विचारलंस."

जुनने शब्द जुळवले. "काकू, सुख उलटा लावतो. मग येतो."

"उलटं लावतात रे. मग येतं," आई सवयीने म्हणाली.

"मी जातो," तो इंग्रजीत पुटपुटला आणि दाराकडे वळला. शाल्मलीला त्याची पाठ दिसली. रोज पाठी बघणारी मुलगी ती. माणूस कुठे दुखावलाय, हे तिला पाठीवरून कळतं.

"आई, तो शेजारी नाहीये."

"मग?"

"माझा आहे."

जुनचे पाय दारातच थांबले. आई खुर्चीत बसली. "आपल्यातला नाही."

"नाही."

"काय काय खातात ते लोक..."

"मी खाल्लंय ना. करंजीसारखं असतं, फक्त उकडतात."

"उकडतात ते मोदक," आई म्हणाली, पण आवाजातला जोर गेला होता.

शाल्मली अनवाणीच जिन्यात आली. समोरच्या दारावर कागद तसाच होता, तिने लावला होता तसा, सरळ. त्याची आई व्हिडिओ कॉलवर रोज ओरडत होती, तरी त्याने हात लावला नव्हता. शाल्मलीने तो अलगद सोडवला. मग उलटा करून पुन्हा चिकटवला. मासे पोट वर करून पोहायला लागले.

"घाबरून नाही ना?" मागून जुनने विचारलं.

"घाबरलेय," ती म्हणाली. "पण मनापासून. ...आले."

मागे बांगड्या वाजल्या. आई हातात वाटी घेऊन उभी होती, कडुलिंब आणि गूळ. "दोघांनी खा. कडू आहे हं." मग तिने दारावरच्या कागदाकडे मान तिरकी करून पाहिलं.

"शाल्मली, वाकडं लागलंय ते."

शाल्मलीनेही पाहिलं. खरंच, चांगलंच वाकडं लागलं होतं.

"लागू दे," ती म्हणाली.