दात गोल, गाडी सरळ

"ती घासणी खाली ठेवा," कोणीतरी मागून म्हणालं. "हळूच. आणि आता काहीही पुसू नका."

शर्मिष्ठानं घासणी खाली ठेवली. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपल्याशी कोणी बोलेल, ही तिची अपेक्षाच नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघताना ती लिफ्टमध्ये "चला" म्हणायची, आणि सोमवारी सकाळी "हाय" म्हणेपर्यंत तिचा आवाज वापरात नसे. मधल्या काळात कुरिअरवाला आला तर ओटीपी विचारायचा. त्याला संभाषण म्हणायचं की नाही, यावर तिचं मत अजून बनलं नव्हतं.

गाडी नवी होती, गडद निळी. ती घरी आली त्या दिवशी कुंदाआत्यानं डोंबिवलीहून येऊन बॉनेटवर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि बजावलं की हे पुसायचं नाही, आपोआप जाईल. आत्या संध्याकाळी गेली, कुंकू राहिलं. मुलुंडच्या उन्हात ते चांगलं भाजून निघालं. शेवटी शर्मिष्ठा भांड्यांचा साबण आणि हिरवी घासणी घेऊन खाली उतरली. स्वस्तिक निघालं. त्याच्या जागी बारीक ओरखड्यांचं एक जाळं उमटलं, साधारण स्वस्तिकाएवढंच.

मागे उभा होता तो तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू, निहार. दातांचा डॉक्टर, स्टेशनजवळ त्याचा छोटासा दवाखाना होता. त्यानं मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर तिरका धरला आणि वाईट बातमी द्यायच्या आधी डॉक्टर घेतात तसा एक श्वास घेतला.

"किडलंय का?" तिनं विचारलं.

तो हसला. आपल्या वाक्यावर कोणी हसल्याला किती दिवस झाले, हे तिला आठवेना.

"किडलं नाही. वरचं एनॅमल खरवडलंय. खालचा रंग शाबूत आहे."

मग त्यानं समजावलं, की रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, कागदाहून पातळ, आणि सगळी चमक त्याचीच असते. तो सांभाळला की गाडी सांभाळली. तिला शंका आली. ज्याच्या नावावर पार्किंगची जागा नाही, त्याला हे सगळं कुठून ठाऊक?

"होती माझी पण गाडी," तो म्हणाला. "रोज सकाळी कोरड्या फडक्यानं पुसायचो. खूप प्रेमानं. धुळीसकट. वर्षभरात काचपेपर मारल्यासारखी झाली." तो जरा थांबला. "मग बायको पुण्याला गेली. जाताना गाडी घेऊन गेली... दोघींनाही बरं वाटलं असणार."

पुढच्या रविवारी तो दोन बादल्या घेऊन खाली आला. पाइप लावायला सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांची सक्त मनाई होती; बादल्यांबद्दल नियमावली गप्प होती. एक बादली शॅम्पूची, दुसरी साध्या पाण्याची. गाडीवर फिरवलेलं फडकं आधी साध्या पाण्यात खळबळायचं, मगच शॅम्पूत बुडवायचं, नाहीतर निघालेली माती आपणच परत चोळतो. त्याआधी नुसतं पाणी ओतून धूळ सुटी करायची. टपापासून सुरुवात, चाकं शेवटी, आणि चाकांचं फडकं वेगळं. बॉनेट तापलेलं असेल तर हात लावायचा नाही. फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवशी निवृत्त झालं.

शर्मिष्ठा मन लावून चोळू लागली.

"गोल गोल नाही. सरळ. पुढून मागे."

"दातही असेच घासायला सांगता का?"

"दात गोल, गाडी सरळ. लोक नेमकं उलटं करतात. म्हणून माझं चालतं."

त्यानंतर ती सोमवारपासूनच रविवारची वाट पाहू लागली. गाडी मात्र आठवडाभर जागची हलत नसे. ऑफिस बांद्र्याच्या संकुलात, तिथं पार्किंग मिळणं म्हणजे बढती मिळण्याइतकंच दुर्मीळ, त्यामुळे ती जायची बसनं. तरी दर रविवारी गाडी धुतली जायची. न मळलेली गाडी इतक्या निष्ठेनं धुणारी ही दोन माणसं पाहून वॉचमन भीमराजनं एकदा विचारलंच, की विकायची आहे का.

वॅक्स लावलं तो रविवार तिच्या चांगला लक्षात राहिला. वॅक्स घ्यायला दोघं बसनं घाटकोपरला गेले होते, गाडी घरी ठेवून. जाताना हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. येताना आलं, पण कोणी बोललं नाही. निहारनं तिला स्पंजच्या गोळ्यावर बोटभर वॅक्स दिलं आणि एका वेळी एकच भाग करायला सांगितलं. लावायचं अगदी पातळ. जाड लावलं की जास्त संरक्षण होतं, हा लोकांचा गैरसमज. मग धुरकट होईपर्यंत थांबायचं.

दोघं गाडीच्या दाराशेजारी उकिडवे बसून थांबले. तिनं फडकं उचललं.

"थांब गं, ओलं आहे अजून," तो म्हणाला.

तिनं त्या 'थांब'कडे लक्ष नसल्यासारखं दाखवलं. त्यालाही ते लक्षात आलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. मग त्यानं बोट टेकवून पाहिलं, आणि तिनं पुसलं. धुरकटपणाखालून निळा रंग वर आला, आणि त्यात त्याचा चेहरा—किंचित लांबट, पण ओळखू येण्यासारखा. समोरासमोर त्याच्याकडे इतका वेळ पाहायची तिची हिंमत झाली नसती. दाराकडे पाहायला काय हरकत होती?

"काय दिसतंय?" त्यानं विचारलं.

"चमक," ती म्हणाली.

मार्चमध्ये सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डरनं तीन वर्षं सांगितली, म्हणजे लोकांनी पाच धरली. शर्मिष्ठानं ऑफिसजवळ म्हणून वाकोल्याला भाड्यानं जागा घेतली. निहार बोरिवलीला बहिणीकडे, दिशाकडे, चालला होता. दवाखानाही तिकडेच हलणार होता.

"नवी बिल्डिंग झाली की भेटूच," ती म्हणाली. टेम्पो भरून झाला होता.

"तू भेटशील. घर तुझं आहे. मी भाडेकरू, मी कुठला परत येतोय इथे?"

तिनं मान हलवली. बोलण्यासारखं बरंच होतं, पण टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला, आणि तिला बरंच वाटलं. निहारनं गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला, मग तो पटकन उचलून टेम्पोत बसला.

वाकोल्यात रविवार लांबलचक असतो, हे तिला आधी कोणी सांगितलं नव्हतं. गाडी रस्त्याकडेला, नळ दुसऱ्या मजल्यावर. ती एकटीनं दोन बादल्या जिन्यावरून उतरवायची, धुवायची, चढवायची. शेजारी तिच्याकडे सहानुभूतीनं पाहत. बाईचा ड्रायव्हर पळाला असावा, असा त्यांचा अंदाज होता. निहारचा रोज मेसेज यायचा: गाडी कशी आहे? ती लिहायची: बरी आहे. तो अंगठा पाठवायचा. बरी असलेल्या गाडीवर आणखी काय लिहिणार? हळूहळू मेसेज एक दिवसाआड झाले, मग आठवड्याला. तिच्या लक्षात आलं, की गाडी अशीच ठणठणीत राहिली तर हा माणूस आपल्या आयुष्यातून अगदी सभ्यपणे निघून जाईल.

एका सोमवारी कावळ्यानं बॉनेटवर घाण केली.

यावर काय करायचं हे तिला पाठ होतं. ओलं फडकं त्यावर अंथरायचं, भिजू द्यायचं, न रगडता उचलायचं, आणि हे सगळं ताबडतोब, कारण उन्हात ती घाण वरच्या थरात उतरते. ती फडकं भिजवून खाली आलीसुद्धा. गाडीपाशी थोडा वेळ उभी राहिली. इकडेतिकडे पाहिलं. आणि फडकं तसंच घेऊन वर गेली.

आठवडाभर कडक ऊन पडलं. रोज ऑफिसला जाताना ती बॉनेटकडे पाहायची आणि भरभर बसस्टॉपकडे चालू लागायची. रविवारी तिनं डाग धुतला. खाली व्हायचं ते झालं होतं. मग मेसेज न करता ती निघाली आणि आरे कॉलनीतून गाडी काढत, म्हशींना मनापासून वाट देत, बोरिवलीला पोहोचली.

निहार तिचा फोन आल्यावर चपलेतच खाली आला. दाढी वाढलेली. तिच्याकडे पाहून काहीतरी म्हणणार होता, तेवढ्यात त्याची नजर बॉनेटवर गेली. वाकून त्यानं डागावरून नख फिरवलं.

"कावळा?"

"हो."

"कधीचं हे?"

"काल... म्हणजे परवा."

"शर्मिष्ठा, परवाचं नाही हे. चार-पाच दिवस उन्हात शिजलंय." तो अजून वाकलेलाच होता. "फडकं नव्हतं?"

"होतं."

"पाणी?"

"होतं."

तो सरळ झाला. सगळ्या पार्किंगमध्ये फक्त कुठल्यातरी घरातल्या कुकरचा आवाज येत होता. तिनं किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"मुलुंडला पूर्वी मी दोन-दोन दिवस कोणाशी बोलत नसे," ती म्हणाली. "तरी चालायचं. सवय होती. तू ती मोडलीस... आता चालत नाही. गाडीला काही झाल्याशिवाय यायचं कसं, ते कळेना. म्हणून होऊ दिलं."

निहारनं पुन्हा एकदा डागाकडे पाहिलं. तिला वाटलं, झालं, वाट लागली. आता हा पॉलिशबद्दल बोलेल.

"मी रविवारी संध्याकाळीही दवाखाना उघडा ठेवतो हल्ली," तो म्हणाला. "कोणी येत नाही. घरी बसवत नाही म्हणून जातो. आणि मेसेजमध्ये सारखं गाडी कशी आहे, गाडी कशी आहे... मला काय गं पडलंय गाडीचं?"

"मग विचारायचं ना दुसरं काहीतरी."

"दुसरं विचारायला भीती वाटायची. एकदा विचारून झालंय आयुष्यात. निकाल पुण्याला आहे."

तिला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही. ते पुसायला त्यानं खिशातून मुलुंडचंच जुनं मऊ फडकं काढलं, पाहिलं, आणि बॉनेटचं आहे म्हणून परत ठेवलं. मग अंगठ्यानंच पुसलं—सरळ, एका रेषेत.

"हा डाग जाईल?" तिनं विचारलं.

"पूर्ण नाही जायचा."

"राहू दे मग."

वरच्या गॅलरीतून दिशा ओरडली, "कोण आलंय रे? वर आण ना, खाली काय उभं केलंयस माणसाला?"

"आलो," तो म्हणाला, आणि मग शर्मिष्ठाकडे वळला. "चल. तिला सांगावं लागेल."

"काय सांगणार?"

"चार मजले आहेत, लिफ्ट बंद आहे. जिन्यात ठरवू."

गाडी झाडाखाली उभी होती आणि झाडावर कावळे जमत होते. ते दोघांनीही पाहिलं. हलवायला मात्र कोणीच थांबलं नाही.