तांबड्या घारीवरचा आळ

"खाली उतर आधी. पडलास तर मामीला काय तोंड दाखवू मी?" काशी खालून दबक्या आवाजात म्हणाली.

सुजित आंब्याच्या वरच्या फांदीला मिठी मारून बसला होता. समोर वीसेक हातांवर जुना बेहडा, आणि त्याच्या शेंड्याजवळ काटक्यांचं मोठं घरटं. सुजितनं बराच वेळ पाहिलं आणि मग सरसर खाली आला. ढोपर सोलवटलं होतं, पण त्याचं तिकडं लक्षच नव्हतं.

"पिल्लू एकच आहे," तो म्हणाला. "पंख आलेत, पण उडायचं नाव नाही. अजून दहा-पंधरा दिवस तरी जातील."

"आणि झाड शनिवारी पाडणार," स्वप्नाली म्हणाली.

बेहड्याच्या बुंध्यावर लाल रंगाची फुली होती. ती तिच्याच बाबांनी मारली होती, त्यामुळे दहा वर्षांची स्वप्नाली फुलीकडं पाठ करून उभी होती.

शिरगावच्या मागं, डोंगराच्या बाजूला मोकळा माळ आहे. तिथं विमान चालवायला शिकवणारी एक शाळा निघाली होती. एक धावपट्टी, दोन छोटी विमानं. काशीची मोठी बहीण नूतन तिथं शिकत होती. भात लावणाऱ्या घरातली पोरगी विमान उडवते म्हणून सगळ्या आळीची मान ताठ झाली होती. आधी ज्यांनी नावं ठेवली, त्यांची तर जास्तच.

गेल्या सोमवारी नूतनचं विमान उतरत असताना एक पक्षी समोरच्या काचेवर आदळला. काच फुटली. शेजारी बसलेल्या शिक्षकांनी विमान कसंबसं खाली टेकवलं. नूतनच्या भुवईला सात टाके पडले. दोन बोटं खाली लागलं असतं, तर डोळाच गेला असता.

घरात सगळ्यांत जास्त हादरले ते भगवंतकाका, स्वप्नालीचे बाबा. काशीचे वडील वारल्यावर नूतनच्या शिक्षणासाठी त्यांनीच धावपळ केली होती. विमानशाळेचे व्यवस्थापक महेंद्र सर म्हणाले, "पक्ष्यांचा बंदोबस्त होत नाही तोवर उड्डाणं बंद. तो समोरचा बेहडा आहे ना, त्यावर घारींचं घरटं आहे." काकांनी त्याच संध्याकाळी फुली मारली. बेहडा घरच्याच जमिनीत होता. परवानगीचा कागद आला, कुऱ्हाडवाले ठरले. मान वर करून घरट्यात काय आहे ते बघायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

काशीला दोन्हीकडून टोचत होतं. नूतनताईचा टाके घातलेला चेहरा आठवला की वाटे, पाडा एकदाचं झाड. वर चोच उघडून आईची वाट बघणारं पिल्लू आठवलं की घास गिळवत नसे.

"पण मला एक सांग," सुजित म्हणाला. तो काशीचा मामेभाऊ, उल्हासनगर कॅम्प चारचा, सुट्टीला आलेला. "आपण सकाळपासून इथं आहोत. ही तांबडी घार किती वेळा उडाली?"

"सात वेळा."

"कुठं गेली?"

"खाली बंधाऱ्यावर. मासा घेऊन परत."

"धावपट्टीवर एकदा तरी गेली?"

काशीनं मान हलवली. बंधारा पूर्वेला, धावपट्टी पश्चिमेला. पाणी आणि मासे सोडून ती डांबरावर कशाला जाईल?

संध्याकाळी तिघं नूतनच्या खाटेपाशी बसली. नूतनचा डोळा सुजून अर्धा बंद होता.

"ताई, तुला लागलेला पक्षी कसा होता गं?" काशीनं विचारलं.

नूतन उठून बसली. "हे मला आजपर्यंत कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली. "काळपट होता. शेपटीला मधे खाच होती."

"पांढरं डोकं नव्हतं? तांबडं अंग?"

"छे. साधी घार होती ती, उकिरड्यावर फिरते तसली. याआधीही पाच वेळा अशाच घारी थोडक्यात चुकल्यात." तिनं उशाखालची वही काढून तारखा वाचल्या. काशीनं कॅलेंडरवर एकेक वार शोधला. तीन सोमवार, दोन गुरुवार, एक शनिवार.

"बघ, सगळे उपासाचे वार," स्वप्नाली हळूच म्हणाली. "आळीत बायका तेच बोलतात. घारी म्हणजे गरुडाची भावंडं, देवाच्या वारी विमान उडवलेलं त्यांना खपत नाही."

"मग मंगळवार?" काशी म्हणाली. "मंगळवारही पाळतातच की. मंगळवारी एकही नाही. मंगळवारचा देव काय सुट्टीवर असतो?"

नूतनला हसू आलं आणि टाके ओढले गेले. "हसवू नकोस गं बाई."

सुजित मात्र हसला नाही. तो बोटं मोजत होता. "रविवार, बुधवार, शुक्रवार. आमच्या गल्लीत या तीन दिवशी चिकनवाल्यांकडं पाय ठेवायला जागा नसते. रात्री दुकानांमागं निळे ड्रम भरलेले असतात, पिसं, आतडी, सगळं. पहाटे टेम्पो येतो आणि उचलून नेतो."

"सोमवारी कोणी खात नाही," काशी सावकाश म्हणाली, "म्हणून मंगळवारी ड्रम रिकामे."

घारी उपास पाळत नव्हत्या. माणसं आदल्या दिवशी खात होती, आणि त्या कोंबड्यांची घाण दुसऱ्या दिवशी कुठंतरी पडत होती. हे 'कुठंतरी' शोधायचं होतं.

गुरुवारी उजाडायच्या सुमारास तिघं सायकली घेऊन हमरस्त्याच्या वळणावर थांबली. सहाला दहा कमी असताना निळ्या ड्रमांनी भरलेला टेम्पो आला. आधी वास आला, मग टेम्पो.

"हाच," सुजित नाक दाबून म्हणाला. "चंदूचा. आमच्या गल्लीत याला लांबून ओळखतात."

टेम्पो धावपट्टीच्या पश्चिम टोकाकडच्या कच्च्या रस्त्याला लागला. तिघं अंतर ठेवून मागं गेली. करवंदीच्या कुंपणात एक लोखंडी फाटक होतं. टेम्पो आत शिरला आणि स्वप्नालीनं करकचून ब्रेक दाबला.

"हे तर आपलं फाटक आहे," ती म्हणाली. "आपली वाडी."

काशीनं तिचा हात धरला.

कुंपणाच्या फटीतून सगळं दिसत होतं. वाडीत मोठा खड्डा खणलेला होता. चंदूनं एकेक ड्रम त्यात उलटा केला आणि आभाळ काळवंडलं. विजेच्या खांबांवरून, लांबच्या झाडांवरून, कुठून कुठून घारी आल्या. गोल गोल फिरत त्या धावपट्टीच्या तोंडावरच घिरट्या घालू लागल्या. स्वप्नालीनं सत्तावन्नपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. नूतनताईचं विमान सकाळी उतरायचं ते नेमकं याच वेळी, याच वाटेनं.

"बाबांना माहीत नसेल," स्वप्नाली म्हणाली.

"टेम्पो आपसूक येतो का?" काशी म्हणाली. मग तिला बोलल्याचं वाईट वाटलं. "चल. आधी त्यांनाच सांगू. घरातली गोष्ट घरात."

भगवंतकाका अंगणात कुऱ्हाडीचा दांडा ठोकून बसवत होते. काशीनं सगळं सांगितलं, वार, ड्रम, शेपटीची खाच. काकांनी मान वर केली नाही.

"खत हाय ते. पावसाआधी नारळ लावायचेत मना. वरून माती टाकायची, संपला विषय."

"मग टाकली का नाही, काका?"

"माणूस नाय मिळाला. टाकीन." मग त्यांनी वर पाहिलं. डोळे लाल होते. "पोरीचा डोळा जात होता काशे. घरटं समोर दिसतंय आणि तू मना खतावर शिकवतेस? जा, खेळा जा."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि इथं तर चोराला आपण चोर आहोत हेही ठाऊक नव्हतं. काकांची नूतनवर माया होती, यात खोट नव्हती. पण आंधळी माया कुऱ्हाड भलत्याच बुंध्यावर चालवते.

"झाड पडेल, पिल्लू मरेल," काशी बाहेर येऊन म्हणाली, "आणि बरी झाल्यावर एखाद्या सोमवारी ताई पुन्हा उडेल. सगळ्यांना वाटेल, आता धोका टळला."

हे ऐकल्यावर स्वप्नालीचं रडू थांबलं. "बाबा सांगून ऐकत नाहीत," ती म्हणाली. "दाखवून ऐकतील. पण ड्रम सहाला पडतात आणि लोक झाडाजवळ सातला येणार. तोवर घारी पांगतात."

"मग ड्रम सातला पडले पाहिजेत," सुजित म्हणाला.

शुक्रवारी रात्री जेवताना काशीनं नूतनला सगळं सांगितलं. नूतननं भाकरी खाली ठेवली. काकांचं नाव आलं तेव्हा तिनं डोळे मिटले. मग ती म्हणाली, "माझा फोन तू ठेव. मी येते उद्या."

शनिवारी पहाटे वाडीच्या फाटकाला स्वप्नालीच्या सायकलची साखळी आणि कुलूप होतं. चंदूनं हॉर्न वाजवला. फाटकाजवळ दगडावर सुजित आणि स्वप्नाली बसली होती, सुजितच्या हातात त्याचा फोन.

"ए छोटे, खोल ना. लेट होतोय."

"काका आणि साहेब सातला बेहड्यापाशी येणार," सुजित म्हणाला. "त्यांच्यासमोरच उघडायचंय. थांबा जरा."

"अरे, मग माल काय डोक्यावर घेऊन बसू? वासानं मरेन मी."

"आम्ही कॅम्प चारवाले रोज मरतो साईं, तुम्ही एक तास मरा."

चंदू शिव्या पुटपुटत टेम्पोतून उतरला आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूला जाऊन उकिडवा बसला. भरलेले ड्रम घेऊन परत कुठं जाणार? त्याला थांबणं भाग होतं.

सात वाजता बेहड्यापाशी महेंद्र सर, काका, दोन कुऱ्हाडवाले आणि आळीतली पाच-सहा माणसं जमली. एक कुऱ्हाडवाला दोर घेऊन पुढं झाला, तेवढ्यात नूतन आली. कपाळावरची पट्टी, काठीसारखी ताठ चाल. ती बुंध्याला पाठ लावून उभी राहिली.

"काका, पाच मिनिटं," ती म्हणाली. "मग माझ्यासमोर पाडा."

"तू उन्हात कशाला आलीस गो?"

"काशी सांगते ते बघायला."

सगळे काशीकडं वळले. तिनं सुजितला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "उघडा." मग महेंद्र सरांना म्हणाली, "सर, आधी वर बघा. मग पश्चिमेला."

सरांनी वर पाहिलं. घरट्याच्या काठावर पांढऱ्या डोक्याची तांबडी घार बसली होती. तिच्या पंखाखालून पिल्लाची चोच डोकावत होती. "पिल्लू आहे?" सर पुटपुटले.

मग लांब, धावपट्टीच्या त्या टोकाला, आभाळात एक ठिपका दिसला. मग दहा. मग मोजता येईनात. काळ्या घारींचा भोवरा धावपट्टीच्या तोंडावर फिरू लागला, खाली सूर मारत, पुन्हा वर येत. बेहड्यावरची तांबडी घार जागची हलली नाही. थोड्या वेळानं तिचा जोडीदार मासा घेऊन आला, तो पूर्वेकडून, बंधाऱ्याच्या बाजूनं.

"आज शनिवार," काशी म्हणाली. "काल शुक्रवार होता. सगळ्यांच्या घरी कोंबडी शिजली."

"ती जागा कोणाची आहे?" महेंद्र सरांनी विचारलं.

काशीला ते नाव उच्चारायचं नव्हतं. आळीतली माणसं जमिनीकडं बघत होती. कुऱ्हाडवाल्यानं दोर खाली ठेवला.

"माझी," भगवंतकाका म्हणाले.

ते नूतनसमोर जाऊन उभे राहिले. तिच्या पट्टीकडं बघायचं होतं, पण नजर वर उचलत नव्हती. "मी केलं हे," ते म्हणाले. "खत फुकट मिळतंय म्हणून नारळाचा विचार केला. वर काय उडतंय ते बघितलंच नाय. आणि या पोरीनं गुरुवारी येऊन सांगितलं, तर तिला खेळायला पाठवलं."

नूतननं त्यांचा हात धरला. "आता माती टाका काका," ती म्हणाली. "आजच."

दुपारपर्यंत खड्डा बुजला. जेसीबी आला, चुना पडला, आणि फावडं घेऊन काका स्वतः शेवटपर्यंत उन्हात राबले. चंदूनं आता ड्रम कुठं न्यायचे ते महेंद्र सरांनी कागदावर लिहून दिलं, आणि दर आठवड्याला ती जागा बघून यायचं काम स्वतःकडं ठेवलं. मग ते पोरांकडं आले.

"माझ्याकडं दुर्बीण आहे, वहीत तारखा आहेत, पगारी माणसं आहेत," ते म्हणाले. "तरी मी झाडाकडं बोट दाखवून मोकळा झालो. तुम्ही वार मोजले. आमच्या शाळेत जे शिकायला पाहिजे, ते तुम्हाला आधीच येतं."

काकांना असलं बोलता येत नव्हतं. संध्याकाळी ते ओट्यावर आले, चुन्यानं पांढरे झालेले पाय तसेच. स्वप्नालीला त्यांनी जवळ ओढलं, पण बोलले काशीशी.

"तुझा बाप असता तर आज गावभर सांगत फिरला असता," ते म्हणाले. "मी पण सांगणार हाय. माझी चूक सांगूनच सांगणार."

तीन आठवड्यांनी, एका सोमवारी, डॉक्टरांनी नूतनला परवानगी दिली. काका पहाटेच वाडीत गेले. नव्या मातीवर उभे राहून त्यांनी आभाळाचा कोपरान्‌कोपरा पाहिला. एकही घार नव्हती. पांढरं विमान धावपट्टीवरून सुटलं, त्यांच्या डोक्यावरून वर चढलं आणि डोंगराकडं वळलं. विमान उतरून थांबेपर्यंत काका खाली बसले नाहीत.